पाण्यावरचं बोलणं

आमच्या हौसाआत्याला जेवताना मीठ हवं असलं की ते खालच्या मजल्यावरून येतं.

म्हणजे होतं असं की आम्ही सगळे एकाच टेबलाभोवती जेवायला बसतो. मिठाची बरणी माझ्या डाव्या हाताशी, आत्या उजव्या हाताशी, मधे आमटीचं पातेलं. आत्या मान वर करते, समोरच्या भिंतीच्याही पलीकडे कुठंतरी नजर लावते आणि थेट बेंबीच्या देठापासून आवाज काढते, "संभाऽऽऽ, मीठ दे रंऽऽऽ!" शेवटचा 'रं' ती इतका लांबवते की तेवढ्यात मी बरणी उघडून तिच्या ताटात मीठ वाढतो, झाकण लावतो आणि पुन्हा जेवायलाही लागतो. तोवर दाराची बेल वाजते. खालच्या मजल्यावरच्या मोहिते काकू वाटीत मीठ घेऊन उभ्या असतात.

"संपलं व्हय वो मीठ? आत्या वरडायलत्या म्हणून आणलं."

आम्ही वाटी ठेवून घेतो. माणूस जिना चढून आल्यावर त्याला 'मीठ आहे' असं कसं सांगायचं? आमच्या मांडणीत आता मोहित्यांच्या वाट्या आमच्या वाट्यांपेक्षा जास्त झाल्या आहेत.

एवढ्यावरून कुणालाही वाटेल की म्हातारीला कमी ऐकू येतं. तासगावात नव्यानं आलेल्या एका तरुण डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. गुडघा दाखवायला मी तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, आजी?"

"गुडघाऽऽ दुखतुया वोऽऽऽ!" आत्या म्हणाली.

बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटांपैकी कुणीतरी लगेच निरगुडीचा पाला सुचवला. दुसऱ्यानं तिळाच्या तेलाची शिफारस केली. तिसरी बाई दार ढकलून आतच आली आणि मिरजेच्या डॉक्टरचा पत्ता सांगू लागली. तिला घालवून डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, तर आत्या गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. आत्यानं हात वर केला.

"थांबा की जरा. मघाचं तर पोचू द्या." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "पोचलं का?"

डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी दिली आणि खाली कान तपासायला लिहून दिलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या वयात इतके चांगले कान त्यांनी पाहिले नव्हते. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. माझी बायको मंगल स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजाआड पुटपुटते, ते आत्याला गॅलरीत ऐकू येतं आणि तिथून उत्तरही येतं.

मंगल म्हणते, "आईवडिलांनी सासू नाही म्हणून हे स्थळ पसंत केलं. गृहप्रवेश करायला दारात आले, तर सासूचा आवाज मापट्याच्या आधी ऐकू आला." आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही, आणि नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. मी बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात कामाला आहे. दिवसभर थंडगार शांततेत बसून मी घरी येतो, त्यामुळे मला तिच्या आवाजाचं तसं काही वाटत नाही. वाटलं तरी सांगून उपयोग नाही. हळू बोल म्हटलं की ती म्हणते, "हळू बोलून पल्याड जाईल व्हय?"

पल्याड! सगळी गोम इथंच आहे. ते समजायला आमचं गाव समजून घ्यावं लागेल.

आमचं मूळ गाव तिकडे वर, साताऱ्याच्या डोंगरात. गावाचं नाव सांगून काही उपयोग नाही, कारण नकाशावर त्या जागी आता निळा रंग आहे. एका अरुंद खोऱ्यात नदीच्या दोन्ही काठांना गाव वसलेलं. भैरोबाकडची ती अल्याडची आळी, जानाईकडची ती पल्याडची. उन्हाळ्यात दगडांवरून उड्या मारत जाता येई. पावसाळा लागला की चार महिने जाणंयेणं बंद. पण गाव तर एकच! त्यांची सोयरीक, भांडणं, देवाणघेवाण, सगळं एकमेकांत. मग ही माणसं बोलायची कशी? तर पाण्यावरून. या काठाच्या धुण्याच्या दगडावर उभं राहायचं आणि हाळी द्यायची. नदीचा खळखळाट असे, त्यातून शब्द धड जात नसत. म्हणून सूर लांबवायचा, एकेक शब्द सुटा सोडायचा आणि बोलून झालं की थांबायचं. आवाज पाणी ओलांडून जाणार, समोरच्याला उमगणार, मग तिकडून येणार. आला नाही तर विचारायचं, 'पोचलं का?' पलीकडून 'पोचलंऽऽ' आलं की मगच पुढचं वाक्य.

पिढ्यान् पिढ्या असं बोलून बोलून गावाची बोलीच तशी झाली. चुलीपुढं बसलेले नवराबायकोसुद्धा एकमेकांशी नदीपलीकडून बोलल्यासारखे बोलत. आत्या म्हणते, आमच्या गावात कधी कुणाचं गुपित असं नव्हतंच. मला ते सहज पटतं.

मग धरण झालं. अल्याडच्या लोकांना तासगावकडे जमिनी मिळाल्या, पल्याडच्यांना खंडाळ्याकडे. आत्या तेव्हा नुकतीच लग्न झालेली पोर होती. तिचं माहेरही अल्याडचं आणि सासरही, त्यामुळे ती इकडे आली. आणि तिची बालमैत्रीण सुभद्रा, जी अल्याडची असून लग्न होऊन पल्याड गेली होती, ती गेली खंडाळ्याकडे. एका नदीचं अंतर होतं, तिथं दोन जिल्हे येऊन बसले.

मोबाइल आल्यावर या दोघींनी ते अंतर मिटवलं. रोज सकाळचा चहा झाला की आत्या गॅलरीत खुर्ची टाकते, फोन स्पीकरवर लावून कठड्यावर ठेवते आणि त्याच्यापासून चार हात लांब उभी राहते. फोन कानाला लावायचं तिला पटत नाही. "कानाशी बोलायला ती काय चहाडी हाय व्हय?" मग सुरू होतं. "सुभेऽऽऽ! चा झाला का गंऽऽऽ?" आणि तिकडून तसंच, डोंगराला धडकून आल्यासारखं, "झालाऽऽऽ! तुझा गंऽऽऽ?"

आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सुभद्राबाईंच्या म्हशीचं दूध किती उतरतं, त्यांच्या जावयाला साखर आहे, सून वैशाली भाकरी जाड थापते, हे सगळं पाठ झालं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे मोहिते काकूंचे यजमान, रिटायर सुभेदार. एकदा ते तक्रार घेऊन वर आले. "आवं आत्या, जरा व्हॉल्यूम कम करा. डिसिप्लिन म्हणून काय हाय का न्हाई?" आत्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि फोनकडे तोंड करून ओरडली, "सुभेऽऽऽ! मिल्ट्रीवालं आल्यात गंऽऽऽ! तुझा आवाज लय हुतोय म्हणत्यात!" तिकडून सुभद्राबाईंनी सुभेदारांच्या पेन्शनची, पोरांची आणि गुडघ्याची चौकशी केली. तेव्हापासून सुभेदार रोज त्या वेळेला खालच्या गॅलरीत पेपर उघडून बसतात. पान मात्र उलटत नाहीत.

त्यांनीच एकदा आत्याला विचारलं, "आत्या, फौजेत मी समदा मुलूख बघितला. पर आपल्याच दोन जिल्ह्यांत दर दहा कोसांवर बोली निराळी. असं का असावं वो?"

"त्यात काय इचारायचं?" आत्या म्हणाली. "बोली काय आभाळातनं पडती व्हय? माणूस जिथं उभा ऱ्हातुया तसा बोलतुया. कवठे महांकाळकडं जावा. उघडा माळ, वारं सुटल्यालं. तोंड लय येळ उघडं ठिवलं तर धुरळा आत. म्हणून तिथली माणसं तोडून बोलत्यात. मेंढरामागं चालता चालता बोलायचं, त्यात सूर लावायला सवड कुठली? तुमचं उसाचं रान. चिखलातनं पाय उचलाया येळ लागतुया, तशी तुमची जीभ बी जड."

सुभेदार जरा दुखावले. "आन् आमी मिल्ट्रीवालं?"

"तुमचं काय सांगावं? जिथं बदली तिथली बोली. धड हिंदी न्हाई, धड हिकडची न्हाई."

"आन् तुमची?"

"आमची पाण्यावरची," आत्या म्हणाली. "पाण्यावरनं अक्षर जात न्हाई बघा. सूर तेवढा जातुया."

भाषाशास्त्रात हे बसतं की नाही, मला माहीत नाही. पण एका बोलीच्या दोन बोली कशा होतात, ते मी आमच्या गॅलरीत बसून चहा पिता पिता पाहिलं आहे. दोघी एकाच धुण्याच्या दगडावर बोलायला शिकल्या. पण एकीचा जन्म तासगावच्या बाजारात गेला आणि दुसरीचा पुण्याच्या वेशीशी. वर्षानुवर्षं गेली तशा दोघींच्या जिभा आपापल्या शेजाऱ्यांकडे झुकल्या. आणि गंमत अशी की प्रत्येकीला वाटे, आपण आहोत तशाच आहोत, बिघडली ती समोरची.

"काय करायलीस गंऽऽऽ?" आत्या विचारायची.

"करायलीस काय गंऽऽऽ?" सुभद्राबाई तिकडून हसायच्या. "आपल्या गावात असं म्हणत हुते व्हय?"

"मग काय म्हणायचंऽऽऽ?"

"काय करतीयेस, म्हणावंऽऽऽ!"

"अगं बयाऽऽऽ! पुन्याचं वारं लागलं गं तुलाऽऽऽ!"

मग दोघी कडकडून भांडायच्या. भांडण मात्र त्याच सुरात, थांबत थांबत, 'पोचलं का?' विचारत. शिवीसुद्धा पोचल्याची खात्री करून घ्यायच्या. शेवटी दोघींचं एका गोष्टीवर एकमत व्हायचं, की पुढची पिढी पार वाया गेली. माझी मुलगी इथल्या पोरींसारखी 'मी आलो, मी गेलो' करते. तिकडची सून वैशाली तर, आत्याच्या मते, इतकी भरभर बोलते की तिचं निम्मं बोलणं नदीत पडतं.

मला यातून एकच कळलं. माणूस ज्याच्याकडून मीठ-साखर उसनी आणतो, त्याच्यासारखा हळूहळू बोलायला लागतो. त्याला इलाज नाही आणि त्यात वाईटही काही नाही. आत्याला हे मान्य नव्हतं. तिचं म्हणणं असं, की गाव पाण्यात गेलं, देव पाण्यात गेले, उरलं काय, तर हे बोलणं. ते बोलायला दोघी लागतात. एकटीनं बोललं तर त्याला लोक वेड म्हणतात. "सुभी हाय तवर गाव हाय," ती म्हणायची. ऐकताना आम्ही हसायचो, पण ती ते हसून म्हणत नसे.

पाण्यावरच्या बोलण्याचे कायदे होते, तेही तिनं आम्हाला पढवलेले. दिवेलागणीला हाळी द्यायची नाही. दुसऱ्याच्या बोलण्यात सूर घालायचा नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे, मातीचा सांगावा पाण्यावरून द्यायचा नाही. माती म्हणजे मयत. कुणी गेलं तर ते ओरडून सांगायचं नाही. कितीही पाणी असो, कुणीतरी पलीकडे जायचं, समोर बसायचं, हात हातात घ्यायचा आणि मग सांगायचं. त्यामुळे भर पावसाळ्यात कुणी नदीत उतरताना दिसलं की पलीकडच्या बायका हातातली कामं खाली ठेवत आणि गप्प उभ्या राहत. कुणाच्या दाराशी जाणार ते कळेपर्यंत कुणी बोलत नसे.

एका पावसाळ्यात सुभद्राबाईंचे वडील अल्याडला वारले. नदीला महापूर होता, पट्टीचा पोहणाराही उतरायला धजेना. आणि सुभद्रा तर रोज सकाळी पल्याडच्या दगडावर येऊन विचारायची, "बा कसा हाय गंऽऽऽ?" आत्या तेव्हा परकरी पोर. खरं सांगायचं नाही हा कायदा, आणि पाण्यावरून खोटं बोलायचं नाही हाही कायदाच. मग आत्यानं काय केलं? ती बाकीचं सगळं सांगत बसली. गाय व्याली. रोपं लावून झाली. भैरोबाच्या मागचा आंबा पडला. सांगत राहिली, सांगत राहिली. पलीकडून 'पोचलं' आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सुभद्रा दगडावर आली, पण बापाचं काही विचारलं नाही. पूर ओसरून आत्याचे चुलते पलीकडे गेले, तर ती गाठोडं बांधून उंबऱ्यात तयार बसलेली.

"पोरीला समदं पोचलं हुतं," आत्या सांगायची. एवढं सांगताना तिचा आवाज मात्र खाली यायचा.

या उन्हाळ्याच्या तोंडाला सुभद्राबाईंचा आवाज बसला. फोन वैशाली घ्यायला लागली. ती सासूला 'आत्या' म्हणते. "मावशी, आत्यांचा घसा गेलाय. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय."

"सुभीचा घसा जातुया व्हय!" आत्याला ते खरंच वाटेना. "बरं, तिला म्हणावं, तू नुसती आईक. मी बोलते."

मग आत्या एकटीच बोलायची. प्रत्येक वाक्याला थांबायची, विचारायची, 'पोचलं का?' आणि तिकडून सुभद्राबाई हातातली बांगडी फोनवर आपटायच्या. टक् टक्. खालच्या गॅलरीत सुभेदार तो आवाज ऐकून मान हलवायचे. असं बरेच दिवस चाललं. बांगडीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

मग एका सकाळी बांगडी वाजलीच नाही. वैशालीच बोलत होती. "मावशी, म्हैस व्याली. रेडी झाली. परवा गारा पडल्या, कैऱ्यांचा सडा पडला नुसता. गॅसची टाकी लवकर येत नाही बघा हल्ली..." एरवी भरभर बोलणारी ती मुलगी त्या दिवशी अडखळत, आठवून आठवून बोलत होती. आत्या सगळं ऐकत उभी राहिली. एकदाही 'पोचलं' म्हणाली नाही. तिचं बोलणं संपल्यावर फोन बंद करून मला म्हणाली, "आता लावू नगंस. जत्रंलाच बोलू."

त्या दुपारी जेवताना आत्यानं काही न बोलता हात लांब करून मीठ घेतलं. मोहिते काकू वर आल्या नाहीत. दोन दिवसांनी रिकाम्या हातानं आल्या आणि मंगलला विचारू लागल्या, "आत्यांचं बरं हाय न्हवं?"

जत्रा म्हणजे तशी जत्रा नव्हे. वैशाखात धरणाचं पाणी खाली गेलं की भैरोबाचं देऊळ चिखलातून वर येतं. नदी जवळजवळ आपल्या जुन्या पात्रात शिरते. मग अल्याडकर इकडच्या रस्त्यानं येऊन भैरोबाला नारळ फोडतात आणि पल्याडकर तिकडच्या रस्त्यानं येऊन जानाईला. दोघांच्या मधे तीच नदी, उड्या मारायचे दगड मात्र अजून पाण्याखालीच. धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून एकमेकांकडे जाता येतं, गाडी आहे, रस्ता आहे. पण कुणी जात नाही. दोन्हीकडची म्हातारी माणसं आपापल्या काठाला उभी राहतात आणि पाण्यावरून बोलतात. वर्षाकाठी एकदा गाव असं परत गावासारखं वाजतं. तरुण पोरं त्याचे व्हिडिओ काढतात.

या वर्षी मी आत्याला घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून तिला धरून चालवत नेलं. आमच्याकडची पाचपंचवीस माणसं होती. नारळ फुटले, गुलाल उधळला. आत्या देवळाकडे गेलीच नाही. ती सरळ काठावर गेली, पदर खोचला आणि तोंडाभोवती हात धरले.

"सुभेऽऽऽ!"

पलीकडे माणसं दिसत होती. पांढरे सदरे, रंगीत पदर. कुणी उत्तर दिलं नाही.

"सुभेऽऽऽ! मी आले गंऽऽऽ!"

ती थांबली. तिच्या थांबण्याची आम्हाला सवय होती, पण या वेळी मला ते सोसवेना. पलीकडे सगळे उभे होते आणि एकाच्याही तोंडून आवाज निघत नव्हता. एरवी या दिवशी तिकडून एकाच वेळी दहाजण ओरडतात. मग त्या घोळक्यातून हिरव्या साडीतली एक बाई बाजूला झाली. आमच्याकडे बघत जराशी उभी राहिली आणि वळून चढ चढायला लागली. वर रस्त्यावर एक पिकअप उभी होती.

मी खिशातून फोन काढला. "आत्या, थांब, वैशालीला लावतो. विचारू काय झालं ते."

"ठिव तो आत," आत्या म्हणाली. गाडी सुरू झाल्याचा आवाज पाण्यावरून आला. "ती फिरून यायलीय."

मग मला कळलं. आमच्याकडच्या बायाही एव्हाना गप्प झाल्या होत्या. कुणीतरी आत्याला बसायला घोंगडं टाकलं. पिकअपचा धुरळा धरणाच्या भिंतीकडे निघालेला दिसत होता. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. वळसा मोठा आहे, रस्ता खराब आहे. मी तिला पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं. "तिला लागंल. उन्हातनं यायलीय," म्हणाली.

वैशाली आली ती गाळातून जवळजवळ पळतच आली. तरुण, किरकोळ अंगाची बाई, घामानं थबथबलेली. ती आत्याच्या समोर बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आदी पाणी पी," आत्या म्हणाली.

"मावशी, आत्या..."

"ठाव हाय मला. तू म्हशीचं सांगितलंस न्हवं, तवाच पोचलं."

"त्याच बोलल्या होत्या," वैशाली रडत म्हणाली. "आवाज नव्हता, तरी ओठ हलवून सांगितलं मला. फोनवर सांगू नको म्हणाल्या. पाण्यावरनं तर नकोच. फिरून जा आणि हौसाचा हात धरून सांग. तेरावं झाल्यावर तासगावलाच येणार होते. मग म्हटलं, तुम्ही इथं येणारच. आणि काय बोलायचं सुचेना तर म्हशीचं बोल, म्हणाल्या. ते का म्हणाल्या ते मला आजपर्यंत कळलं नाही."

आत्या हसली आणि हसता हसताच तिचे डोळे वाहायला लागले. मला वाटलं, आता ही बाई असा टाहो फोडेल की धरणाची भिंत हलेल. पण ती आवाज न करता रडली. इतक्या वर्षांत तिला काहीही आवाज न करता करताना मी पाहिलं नव्हतं. तिचे हात शेवटपर्यंत वैशालीच्या हातात होते.

निघायची वेळ झाली. दिवेलागणीच्या आत धरणाबाहेर पडायला हवं होतं. वैशाली पाया पडली, तेव्हा आत्यानं तिला सांगितलं, "पल्याड पोचलीस की हाळी दे."

"मला नाही येत, मावशी. आत्या शिकवायच्या तेव्हा मी नुसती हसायचे."

"दे तू."

आमच्याकडची माणसं एकेक करून निघून गेली. मी दोनदा घड्याळ बघितलं, आत्यानं एकदाही बघितलं नाही. ऊन डोंगराच्या खांद्यावर गेलं तेव्हा पलीकडे हिरवी साडी दिसली. ती काठापर्यंत आली, घुटमळली, तोंडाभोवती हात धरले.

"मावशीऽ! वेळेवर जेवत जावाऽ! उद्यापासनं सकाळी मीच फोन करतीयेऽ!"

सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर पडलेले. सूर कुठं लांबवायचा ते माहीत नाही, दोन वाक्यांच्या मधे थांबणं नाही. आणि 'करतीये' तर थेट पुण्याचं. निम्मं पाण्यात पडलं असणार. मी आत्याच्या तोंडाकडे बघत होतो. याहून कमी चुकीसाठी तिनं माझ्या मुलीला ताटावरून उठवलेलं आहे.

आत्यानं कान तिकडे दिला. ती थांबली होती, आवाज पुरता येऊ देत होती.

मला राहवलं नाही. "आत्या, पार बिघडवलं की गं तिनं."

"गप बस," आत्या म्हणाली. "फिरून आलेली पोर हाय ती." मग तिनं पदरानं डोळे पुसले, मान वर केली, आणि त्या रिकाम्या खोऱ्यात पुन्हा एकदा आमच्या गावाचा आवाज उमटला.

"पोचलंऽऽऽ! समदं पोचलं गं, माझे बाईऽऽऽ!"

आणि ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.